ट्रेलर सपाट उभा करायचा तर आधी टेप, मग खरेदी

गाडीमागे ओढून न्यायचा राहता ट्रेलर लेव्हल करायचं, म्हणजे मुक्कामी सपाट उभा करायचं सामान घ्यायला निघालेल्या माणसाला मी आधी एकच विचारते: तुमच्या डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत अंतर किती? ट्रेलरची लांबी सगळ्यांना तोंडपाठ असते, पलंगाचं माप माहीत असतं, हे मात्र कुणी मोजलेलं नसतं. आणि सगळा हिशोब तर याच आकड्यावर बसतो.

आमच्या ट्रेलरचं हे अंतर, टायरच्या मध्यापासून टायरच्या मध्यापर्यंत, २१० सेंटिमीटर आहे. जमीन आडवी एका अंशाने कललेली असली की एका बाजूची चाकं दुसऱ्या बाजूपेक्षा ३.७ सेंटिमीटर खाली राहतात. दोन अंशांना ७.३, तीन अंशांना ११. आता लाकडाच्या वखारीत जिला दोन इंची म्हणतात ती रंधलेली फळी प्रत्यक्षात ३८ मिलिमीटर भरते. म्हणजे आमच्यापुरता हिशोब सोपा: एक फळी, एक अंश. तुमचं अंतर कमी असेल तर एका फळीत अंशाहून थोडं जास्त उचललं जाईल, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट डोक्यात पक्की बसवायची ती ही, की ट्रेलर दोन दिशांना कलतो आणि त्यातली एकच दिशा विकतच्या सामानाने सुधारायची असते. पुढे-मागे सपाट करायला पुढच्या टोकाला वर-खाली होणारा जॅक असतोच, हाताने फिरवायचा किंवा विजेवरचा. तो ट्रेलरबरोबरच येतो. डावी-उजवी बाजू मात्र जॅकच्या आवाक्यात नाही. तिथे चाकाखालीच काहीतरी घालावं लागतं. म्हणून पैसे चाकांवर खर्च करा. लोक नेमकं उलटं करतात. जॅक बदलून चकचकीत विजेचा बसवतात आणि चाकाखाली सापडेल तो दगड सरकवतात.

एवढी काटेकोरी कशाला, असं वाटत असेल तर आपला फ्रिज कुठल्या जातीचा आहे ते बघा. गॅसवर आणि विजेवर दोन्हींवर चालणारा असेल, तर त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण तापवून, वाफ करून, थंड करून ते पुन्हा खाली वाहू द्यायचं, असा तो खेळ असतो आणि खाली वाहण्याचं काम फक्त गुरुत्वाकर्षण करतं. तिरप्या जागी तास न् तास चालू ठेवला की द्रव भलत्या ठिकाणी साचतो, तापवणारी नळी कोरडी पडून जास्त तापते, नळ्या गंजू नयेत म्हणून द्रावणात घातलेलं रसायन स्फटिक होऊन आत अडकतं. मग तो फ्रिज गेलाच. रस्त्यावर धावताना हे होत नाही, कारण हलता ट्रेलर सारखा इकडून तिकडे डोलत असतो आणि द्रव एका जागी ठरत नाही. आमच्या फ्रिजच्या पुस्तिकेत मर्यादा दिली आहे: त्याच्या समोर उभं राहिल्यावर डावी-उजवीकडे ३ अंश, पुढे-मागे ६. इथे एक गंमत आहे. फ्रिज ट्रेलरच्या बाजूच्या भिंतीत बसवलेला असेल तर त्याची डावी-उजवी म्हणजे ट्रेलरची पुढची-मागची दिशा. म्हणजे कडक मर्यादा जॅकने सांभाळायच्या दिशेला लागते. बारा व्होल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या फ्रिजला हे नखरे नसतात; तो असेल तर तुमची कसोटी झोप. डोकं पायांपेक्षा खाली गेलं की अर्ध्या अंशानेही झोपमोड होते, निदान माझी होते. न्हाणीतलं पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात थांबतं, टाकीचे काटे खोटं बोलतात, दार आपोआप उघडतं किंवा अंगावर येतं, ते वेगळंच.

आता मापायचं कसं. सुताराची ६० सेंटिमीटरची पाणसळ ट्रेलरच्या जमिनीवर आडवी ठेवा, पाणसळीचं खालच्या बाजूचं टोक उचलून बुडबुडा मधोमध आणा आणि पट्टीखाली किती फट पडली ते मोजा. ती फट साडेतीनने गुणली की आमच्या २१० सेंटिमीटरसाठी चाक किती उचलायचं ते मिळतं. फट २ सेंटिमीटर असेल तर ७ सेंटिमीटर, म्हणजे दोन फळ्या. तुमचा गुणक तुमचं अंतर भागिले साठ. तो एकदाच काढून कपाटाच्या दारामागे लिहून ठेवा.

बाहेर चिकटवायच्या दोन छोट्या बुडबुड्याच्या पट्ट्या स्वस्त असतात आणि त्या हव्यातच: एक जॅकजवळून दिसेल अशी बाजूवर, एक समोर किंवा मागे आडवी. पण चिकटवण्याआधी ट्रेलर आतून मोठ्या पाणसळीने, शक्यतो फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात पट्टी ठेवून, नीट सपाट करा आणि मग बुडबुडा मध्यावर धरून पट्टी लावा. ट्रेलरच्या बाहेरच्या पत्र्याच्या कडा आतल्या जमिनीशी समांतर असतीलच असं नाही. ब्लूटूथवाले सेन्सरही मिळतात. लेव्हलमेट प्रो हे त्यातलं माहितीतलं नाव. फोनवर थेट दाखवतात की अमुक चाक इतकं उचला. एकटे फिरत असाल तर त्याला मी मोलाचं म्हणेन, कारण गाडीतून न उतरता आकडा दिसतो. आमच्यात नवरा चालवतो आणि मी बाहेर उभी असते, त्यामुळे मला हात वर करून थांबवणं पुरतं.

चाकाखालच्या सामानात चार-पाच प्रकार आहेत, आणि निवड तुमच्या ट्रेलरला एक अ‍ॅक्सल (दोन्हीकडची चाकं जोडणारा आस) आहे की दोन, यावर अर्धी ठरते.

फळ्या माझ्या आवडीच्या. टायरपेक्षा रुंद असायला हव्यात; टायरची कड फळीबाहेर लोंबकळली तर सगळा भार आतल्या भागावर येतो आणि टायरच्या आतल्या तारा दुखावतात. म्हणून साधारण २३-२४ सेंटिमीटर रुंदीच्या घ्या. दोन अ‍ॅक्सल असतील तर खालची सगळ्यात लांब, वरच्या प्रत्येक फळीची लांबी एकेका वितीने कमी, आणि चढण्याच्या बाजूचं टोक तिरपं कापलेलं. वरच्या फळीवर दोन्ही चाकं पूर्ण टेकली पाहिजेत. खिळ्यांनी जोडू नका. लाकूड सुकून आकसलं की खिळ्याचं डोकं वर येतं आणि ते टायरच्याच खाली असतं. फळ्यांचा दोष म्हणजे ओझं. तीन लांब फळ्या सहज वीस किलोंच्या पुढे जातात, आणि ओल्या झाल्या की आणखी. ट्रेलरची वजन वाहण्याची मर्यादा आधीच काठावर असेल तर हे वजन धरून चाला. पण त्या सहसा तुटत नाहीत, दगडगोट्यांवर चालतात, आणि मोडल्या तरी गुपचूप नाही, आधी तडकून आवाज देतात.

एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे ठोकळे, लिंक्स वगैरे नावांचे, सगळ्यांकडे दिसतात. एकेक ठोकळा अडीच सेंटिमीटर जाड, वीत-सव्वावीत लांब-रुंद. हलके असतात, पिशवीत मावतात, जॅकच्या पायाखालीही घालता येतात. घेताना पाकिटातल्या संख्येवर जाऊ नका, हिशोब करा. एका चाकाला तीन थर चढवायचे तर खाली तीन, मध्ये दोन, वर एक असे सहा लागतात. दोन अ‍ॅक्सल म्हणजे एका बाजूला दोन चाकं, म्हणजे बारा. दहाचं एक पाकीट घेतलं की नेमक्या अवघड जागी ते कमी पडतं. दुसरी गोष्ट, खोक्यावर छापलेली वजनाची क्षमता सपाट, कठीण पृष्ठभागावरची असते. खाली अणकुचीदार खडी असेल तर एकाच बिंदूवर भार येऊन ठोकळा चिरतो. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, तेव्हा हे लवकर घडतं. ठोकळे घेणारच असाल तर खाली घालायला प्लायवूडचे दोन तुकडेही ठेवा.

वक्र उतरण हा तिसरा प्रकार; अँडरसनच्या अशाच असतात, आणि आता बऱ्याच कंपन्यांच्या मिळतात. चंद्रकोरीसारखा प्लास्टिकचा तुकडा, एका टोकाला पातळ, दुसऱ्याला जाड. चाक हळूहळू वर येतं, बुडबुडा मध्ये आला की थांबायचं आणि मागच्या फटीत जोडीची पाचर सरकवायची. मापायचं, मोजायचं कामच नाही. शून्यापासून साधारण १० सेंटिमीटरपर्यंत हवी ती उंची मिळते. नवशिक्याला मी हेच घ्यायला सांगते. अटी मात्र आहेत. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला दोन लागतात, आणि पुढच्या-मागच्या टायरमध्ये जागा पुरेशी हवी. कित्येक ट्रेलरमध्ये ती जेमतेम वीतभर असते किंवा त्याहून कमी, मग टोक करवतीने छाटावं लागतं. आधी टेप लावून बघा. टायरच्या व्यासालाही मर्यादा असते, ती खोक्यावर वाचा.

एकच अ‍ॅक्सल असणाऱ्यांना आणखी दोन सोयी आहेत: चाकाला मिठी मारून स्क्रूने वर उचलणारं उपकरण, आणि चाकाखाली सरकवून पंपाने फुगवायची पिशवी. दोन्हींचा फायदा असा की ट्रेलर एकदा जागेवर उभा केल्यावर पुढे-मागे करावा लागत नाही. दोन अ‍ॅक्सलवाल्यांनी यांच्या वाटेला जाऊ नये. एक चाक उचललं आणि शेजारचं लोंबकळत राहिलं तर दोन चाकांचा भार एकावर येतो.

चारही कोपऱ्यांना मोटरचे जॅक लावून बटण दाबलं की आपोआप सपाट होणारी यंत्रणा असते. सुंदर असते. वजन खाते, बॅटरी खाते, आणि मऊ जमिनीत तिच्या पायांखालीही ठोकळे घालावेच लागतात. गुडघे वाकत नसतील तर घ्या, नाहीतर गरज नाही.

भाराचा हिशोब सगळ्या प्रकारांना सारखाच. ट्रेलरचं पूर्ण भरलेलं वजन ३,००० किलो धरा. त्यातला दहा ते पंधरा टक्के भार पुढे हिचवर, म्हणजे गाडीला जोडायच्या सांध्यावर जातो. उरलेले साधारण २,६५० किलो चार चाकांवर, म्हणजे चाकी ६६० च्या आसपास. पण दोन्ही बाजूंचं वजन सारखं नसतं: एका बाजूला स्वयंपाकाचा ओटा आणि पाण्याची टाकी असते. त्यामुळे चाकी हजार किलोंखालचं सामान मी हातात धरणार नाही.

ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना खाली जे कात्रीसारखे जॅक असतात, ते उचलण्यासाठी नाहीत. त्यांचं काम माणसं आत चालताना ट्रेलर हलू नये, एवढंच. त्यांनी कोपरा उचलायला गेलात की चेसिस, म्हणजे ट्रेलरचा खालचा सांगाडा, पिळली जाते. लगेच कळतं कसं? दार चौकटीत घासायला लागतं. ते सगळ्यात शेवटी, जमिनीला टेकेपर्यंत आणि वर अर्धा फेरा, इतकेच फिरवायचे.

क्रम असा. जागेवर ट्रेलर आणा, पण गाडीपासून सोडू नका. आडवं माप घ्या. फळ्या खालच्या बाजूच्या चाकांच्या पुढे ठेवा आणि गाडी हळू पुढे घेऊन चाकं चढवा; झटका दिला तर ठोकळा तोफगोळ्यासारखा मागे उडतो, त्यामुळे मागे कुणी उभं राहायचं नाही. बुडबुडा बघा. मऊ मातीत फळ्या दोन मिनिटांत थोड्या दबतात, तेवढं थांबून पुन्हा बघा. मग चाकांना पुढून-मागून पाचरी. या कामात कंजुषी नको: बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलरचे विजेचे ब्रेक गाडीच्या आज्ञेवर चालतात, त्यामुळे गाडीपासून सोडलेल्या ट्रेलरला ब्रेकच नसतो. जड रबरी पाचरी घ्या, प्लास्टिकच्या हलक्या ओल्या गवतावर घसरतात. जमिनीवर असलेल्या बाजूच्या चाकांना आधी लावा. दोन टायरच्या मध्ये ताणून बसवायचा फुलीसारखा चॉक (अडसर) मिळतो, तो डुलणं छान थांबवतो. पण ऊन-थंडीने टायर फुगतो-आकसतो आणि पकड सैल होते, म्हणून तो पाचरींच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही.

यानंतरच हिच सोडायची. जागा पुढे उतरती असेल तर जॅकचा पाय पुरत नाही. अंतर मोठं असतं: आमच्या जॅकपासून चाकांच्या मध्यापर्यंत साडेचार मीटर आहेत, म्हणजे एका अंशाला जवळपास ८ सेंटिमीटर. तीन अंश उतार असला की वीतभर जॅक त्यातच संपतो, आणि तोही बॉलच्या, म्हणजे गाडीमागच्या हिचच्या गोळ्याच्या उंचीपासून वर. म्हणून जॅकखाली घालायला रुंद बैठकीचे दोन-तीन लाकडी ठोकळे वेगळे ठेवा, आडवे-उभे रचता येतील असे. अरुंद आणि उंच मनोरा करू नका. जागा पुढे चढती असेल तर उलटी अडचण: बॉलवरून सोडवायला आधी टंग, म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा, वर घ्यावी लागते, गाडी पुढे जाते, मग टंग पार खाली. त्या वेळी सोडतानाची उंची जॅकच्या नळीवर खडूने खूण करून ठेवा, परत जोडताना तेवढीच वर घ्यायची.

तीन फळ्यांनीही आडवं जमत नसेल, तर चौथी शोधू नका. ट्रेलर दोन मीटर पुढे किंवा मागे घ्या, किंवा उलट तोंडाने लावा. एकाच जागेत उतार किती बदलतो ते बघून आश्चर्य वाटतं. तरीही नाही जमलं तर दुसरी जागा मागा.

निघताना आधी कोपऱ्यांचे जॅक वर, मग हिच जोडायची, कुलूप बसल्याची खात्री करायची, आणि त्यानंतरच पाचरी काढायच्या. फळ्यांवरून उतरताना पुन्हा हळू. त्या धुऊन, सुकवून आत ठेवा, नाहीतर कप्प्यात बुरशी धरते.