युनिव्हर्सिटीच्या स्कूलमध्ये प्लॅनिंग आणि बजेटचं काम करायचंय? मग हे वाचा

इंग्लंडमधल्या युनिव्हर्सिटीत 'स्कूल' म्हणजे शाळा नव्हे, आपण डिपार्टमेंट म्हणतो तसंच, फक्त मोठं, दोन-तीन विषय एकत्र असलेलं. मी अशाच एका स्कूलचं प्लॅनिंग, ॲडमिशनचे आकडे आणि बजेट बघते. पुण्याहून मास्टर्सला आले, मग इथेच ऑफिसमध्ये लागले आणि हळूहळू या कामात शिरले. शिकवायचं नाहीये पण युनिव्हर्सिटीतच काम करायचंय असे बरेच जण विचारतात की रोज करायचं काय असतं, म्हणून लिहिते.

आधी वर्ष समजून घ्या. आर्थिक वर्ष 1 ऑगस्ट ते 31 जुलै, बजेट बसवायला आम्ही थंडीतच सुरुवात करतो, आणि मुलं किती येणार हे कळायला लागतं ते ऑगस्टच्या मध्यात ए-लेव्हलचे, म्हणजे इथल्या बारावीचे, निकाल लागल्यावर. म्हणजे पगार आणि खर्च आधी कबूल करून बसायचं आणि डोकी नंतर मोजायची. अख्खी नोकरी या मधल्या सहा महिन्यांची आहे असं समजा.

माझ्या पहिल्या वर्षी अर्ज चांगले वाढले होते आणि मी ती वाढ जशीच्या तशी उत्पन्नात धरली. पण युकॅसवर, म्हणजे इथल्या ॲडमिशनच्या सामायिक वेबसाइटवर, एक मुलगा पाच कोर्सपर्यंत अर्ज करतो, आलेल्या ऑफरपैकी एक फर्म (पहिली पसंती) आणि एक इन्शुरन्स (मार्क कमी पडले तर) ठेवतो, आणि 2019 पासून तर फर्म जागासुद्धा स्वतःच सोडून क्लिअरिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीत, जाता येतं. 2015 मध्ये सरकारने विद्यार्थीसंख्येवरची मर्यादा काढल्यापासून मोठ्या नावाची युनिव्हर्सिटी हवी तितकी मुलं घेऊ शकते, मग ऐनवेळी आपली मुलं तिकडे जातात. त्या सप्टेंबरला वर्गात माझ्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी मुलं होती आणि त्या पैशांवर धरलेल्या दोन तात्पुरत्या शिक्षकांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवता आलं नाही. ती चूक माझी होती आणि ती मी विसरलेले नाही. आता मी अर्ज, ऑफर, फर्म आणि प्रत्यक्ष हजर असे चार आकडे वेगळे ठेवते, मागच्या तीन वर्षांत कुठून किती गळती झाली ते बघते आणि बजेट त्यातल्या सगळ्यात वाईट वर्षावर बसवते.

नवीन लोक सगळं लक्ष ॲडमिशनवर देतात पण आत आलेला मुलगा टिकतोय का हे कोणी बघत नाही, आणि माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. इथल्या मुलांची वर्षाची फी 2017 पासून 9,250 पाउंडांवर अडकली होती, 2025-26 ला ती 9,535 झाली, मधल्या काळात महागाई कुठे गेली ते तुम्हाला माहितीच आहे. सरकारी लोन घेणाऱ्या मुलांची फी युनिव्हर्सिटीला तीन हप्त्यांत मिळते, 25, 25 आणि 50 टक्के. म्हणजे पोरगं नाताळच्या सुट्टीत घरी गेलं आणि परत आलंच नाही तर हातात चौथा हिस्सा, शिक्षक-लॅबचा खर्च मात्र पूर्ण. आणि 20 मुलं कमी भरली तर या फीने नुकसान एका वर्षाचं 1,90,700 पाउंड, पण ती जागा पुढची दोन वर्षंही रिकामी राहते, तीन वर्षांचे झाले 5,72,100. म्हणून ऑक्टोबरमध्ये हजेरीचा रिपोर्ट मागा, तीन आठवडे न दिसलेल्या मुलाला कोणीतरी फोन केलाय का ते विचारा. हा फोन बजेटसाठी आहेच पण तो मुलगा खोलीत एकटा बसलेला असू शकतो, ते जास्त महत्त्वाचं.

परदेशी विद्यार्थ्यांची फी बरीच जास्त, इथल्या मुलांवरची आणि रिसर्चवरची तूट त्यातूनच भरून निघते. पण हा पैसा व्हिसाच्या नियमांवर हलतो. 2021 ला ग्रॅज्युएट रूट (शिक्षण संपल्यावर काही काळ इथे नोकरी करू देणारा व्हिसा) आला तेव्हा मास्टर्सचे वर्ग भरले, जानेवारी 2024 पासून टॉट मास्टर्सवाल्यांना, म्हणजे रिसर्च नव्हे तर वर्गात शिकायचं मास्टर्स करणाऱ्यांना, कुटुंब आणता येईना, तेव्हा अर्ज घसरले. एकाच देशावर भिस्त ठेवू नका. आणि आपल्याकडची मुलं शेत किंवा घर तारण ठेवून येतात, त्यांना नोकरीच्या भलत्या आशा दाखवणारा एजंट दिसला तर मीटिंगमध्ये बोला, आकडे कमी झाले तरी चालतील.

स्ट्रॅटेजिक प्लॅन हे नाव भारी आहे, काम साधं: आजच्या मुलांचा आकडा वर्षागणिक पुढे सरकवत न्यायचा. तीन वर्षांचा नवा कोर्स काढला तर मंजुरी आणि जाहिरातीलाच किमान दीड वर्ष, आणि तिन्ही वर्षांचे वर्ग भरून पूर्ण फी यायला आणखी दोन, तोवर शिक्षक नेमलेले असतात. म्हणून 'यंदा सुरू करू, पुढच्या वर्षी फायदा' असं कोणी म्हणालं तर कागदावर मांडून दाखवा.

कामाच्या जाहिराती जॉब्स डॉट एसी डॉट यूकेवर येतात. एक्सेल पक्कं हवं, पिव्होट टेबल तरी यायलाच हवं. पण सुरुवातीच्या बऱ्याच पोस्टचा पगार स्किल्ड वर्कर व्हिसाला (नोकरी देणाऱ्याने स्पॉन्सर करायचा व्हिसा) सर्वसाधारणपणे लागणाऱ्या वर्षाला 41,700 पाउंडांच्या खाली असतो, त्यामुळे ग्रॅज्युएट रूट चालू असतानाच आत शिरा आणि वरच्या ग्रेडचं कधी जमेल हे मॅनेजरला पहिल्याच महिन्यात विचारा.