सापाच्या टाकीतली हीटिंग: या चुका टाळा

जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा रात्री चार-पाच अंशांवर उतरला की नवशिक्यांचा एकच प्रश्न: टाकीखाली ठेवायचा कुठला हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) घेऊ? मॅट कुठलाही घ्या हो. त्याला चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट फक्त प्रोबच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या वायरीच्या, टोकाचं तापमान ओळखतो, तेव्हा ते टोक कुठे आहे ते आधी सांगा.

दर थंडीत ठरलेला प्रकार. काचेच्या टाकीखाली मॅट, एसटीसी-१००० या स्वस्त थर्मोस्टॅटवर ३२ अंश सेट, आणि प्रोब आतून सक्शन कपने काचेला लावलेला. आत बॉल पायथन, हा पाळला जाणारा छोटा अजगर, म्हणजे कुठे फट दिसली की तोंड खुपसणारा प्राणी. रात्री कप सुटतो, प्रोब पाण्याच्या भांड्यात पडतो. पाणी १६ अंशांचं. थर्मोस्टॅट इमानदारीत रात्रभर मॅट चालू ठेवतो. सकाळी डिस्प्लेवर १६ बघून मालक सेटिंग आणखी वाढवतो! मग कुणी टेम्परेचर गन (लांबूनच तापमान मोजणारं यंत्र) धरली की तळाची काच पंचेचाळीसच्या वर. आणि साप त्याच जागी वेटोळं घालून बसलेला. चटका बसतोय म्हणून तो उठून जाईल या भरवशावर राहू नका. पोटाचे खवले लालसर किंवा तपकिरी दिसले, फोड आले, तर घरचा मलम न लावता थेट पशुवैद्य गाठा.

प्रोब टाकीच्या बाहेरून, मॅट आणि काच यांच्या मध्ये, ॲल्युमिनियम टेपने पक्का बसवा. तिथे तापमान आतल्यापेक्षा जास्त असतं, म्हणून आधी ३४ वर सेट करा, गनने आतला तळ मोजा आणि तो ३१-३२ वर येईपर्यंत अर्ध्या-अर्ध्या अंशाने सरकवा. थंड बाजू २५-२६ हवी. हे सगळं साप आणण्याआधी, रिकाम्या टाकीत, दोन रात्री. ‘साप उद्याच येतोय’ म्हणणाऱ्यांनी साप परवा आणावा. टाकीच्या आत मात्र कुठलीही टेप लावू नका. साप तिला चिकटतो आणि सोडवताना कातडी सोलवटते.

दुसरा धोका रिलेचा, म्हणजे थर्मोस्टॅटमधल्या वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. स्वस्त थर्मोस्टॅटचा रिले कधीतरी चालू स्थितीतच चिकटतो. डिस्प्ले ३६ दाखवतो, मॅट चालूच. एसटीसीत एफ-२ म्हणजे तापमान किती उतरल्यावर मॅट पुन्हा चालू व्हायचा तो फरक, तो ०.३ ठेवला की रिले दिवसभर टकटक करून लवकर झिजतो. १ ठेवा. शिवाय त्याच लाइनवर दुसरा थर्मोस्टॅट सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ, जोडून तीन अंश वर सेट करा, त्याचा प्रोब स्वतंत्र. सापाच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही, तरी लोक तिथेच काटकसर करतात. महिन्यातून एकदा प्रोब काढून ४० अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा: ‘टक’ ऐकू आलं पाहिजे आणि मॅट बंद झाला पाहिजे.

हॉट रॉक (विजेवर तापणारा नकली दगड) कुणी भेट दिला तर टाकून द्या. रात्रीचा लाल बल्ब नको. काचेला चिकटवायच्या घड्याळी थर्मामीटरवर विसंबू नका. सिरॅमिक एमिटरला (प्रकाश न देता तापणाऱ्या बल्बला) चिनी मातीचाच होल्डर, आणि साप पोचणार नाही अशी जाळी. टाकीच्या आत, मॅटच्या वरच्या भागात, भुसा दोन सेंटीमीटरपेक्षा जाड नको. साप तो उकरून काचेला भिडतो. टाकीखाली रबरी पाय हवेत. थर्मोकोलवर ठेवलेल्या किंवा रजईत गुंडाळलेल्या टाकीत उष्णता कोंडते, आणि आगीची सुरुवात अशीच होते.

आणि मे महिना. बाहेर ४५, खोलीत ३८. मॅट बंद आहे एवढ्याने भागत नाही, बॉल पायथनला ३५ च्या वर सतत राहणं घातक. एसटीसीच्या कूलिंगच्या जोडणीवर पंखा लावणारे खूप. पण ३८ ची हवा ढकलून टाकी २८ ची होत नाही. टाकी तळमजल्यावर हलवा, सकाळी नऊपासून खोलीत कूलर चालू, समोरची खिडकी चार बोटं उघडी, आणि झोत टाकीवर थेट नको.