स्वस्तातले बास्केटबॉल शूज घेताना आधी टाच दाबून बघा

घोट्याच्या वर चढणारा बूट म्हणजे भक्कम आधार, असं दुकानदार हमखास सांगतो. पण पाय धरून ठेवतात ते टाचेचा कडक कप आणि रुंद, सपाट तळ. म्हणून बूट हातात घेऊन टाचेची मागची बाजू अंगठ्याने दाबा. ती सहज आत गेली तर तो जोड बाजूला ठेवा, कितीही देखणा असो. मग दोन्ही टोकं धरून पिळा: मधे पिळवटता कामा नये, वाकावा तो फक्त बोटांपाशी. रनिंग शूजवर भागवू नका. त्यांचा उंच, मऊ तळ बाजूला झेप घेताना कलंडतो आणि पाय मुरगळतो.

आपल्याकडे बहुतेक कोर्ट सिमेंटचे, तिथे मऊ रबर भराभर झिजतं. जाड, टणक रबर आणि खोल नक्षी बघा. निव्हिया किंवा डेकॅथलॉनचा टारमॅक या ब्रँडपासून शोध सुरू करा. मोठ्या ब्रँडचं मागच्या वर्षीचं मॉडेलही सवलतीत मिळतं.

खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. खेळताना घालता तेच मोजे घाला, नाडी शेवटच्या भोकापर्यंत आवळा आणि दुकानातच दोन-चार उड्या मारा. टाच उचलली जात असेल तर दुसरा जोड मागा.