फोर्ड मॉडेल टी : लहान प्रतिकृतीसाठी अस्सल रंग कसा निवडावा

मॉडेल टी फक्त काळ्याच रंगात मिळत असे, ही समजूत इतकी पक्की आहे की प्रतिकृती रंगवायला घेणारे बहुतेक जण विचार न करता काळ्या रंगाची बाटली उघडतात. ही गाडी १९०८ साली बाजारात आली आणि १९२७ पर्यंत तिचे उत्पादन चालू होते. त्यांपैकी केवळ काळा रंग दिला जात असे तो काळ साधारण १९१४ ते १९२५ एवढाच. म्हणून आधी आपल्या संचातील गाडी कोणत्या सालची आहे हे ठरवावे आणि मगच रंगाकडे वळावे.

सुरुवातीच्या गाड्या लाल, करड्या आणि हिरव्या रंगांतही निघाल्या. १९११ च्या सुमारास गडद निळा आला. तो इतका गडद आहे की सावलीत काळा वाटतो आणि उन्हात धरल्यावरच त्याची निळाई उमटते. आयसीएम कंपनीचा १:२४ प्रमाणातील १९११ सालचा संच मी प्रथम रंगवला तेव्हा बाटलीवरील 'निळा' या शब्दावर विसंबून राहिलो आणि गाडी शाळेच्या पेनातील शाईसारखी दिसू लागली. नंतर मी काळ्या रंगात थेंबाथेंबाने निळा मिसळत गेलो, प्रत्येक मिश्रण प्लास्टिकच्या चमच्याच्या पाठीवर लावले, चमचे पूर्ण वाळू दिले आणि सकाळच्या उजेडात खिडकीशी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. हवी ती छटा तेव्हा सापडली.

जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून रंग ठरवू नये. त्या काळच्या फिल्मला लाल रंग फारसा जाणवत नसे, त्यामुळे लाल गाडी छायाचित्रात जवळजवळ काळी दिसते, तर निळा रंग प्रत्यक्षापेक्षा फिका उमटतो. नव्याने दुरुस्त केलेल्या गाड्यांची रंगीत छायाचित्रेही जपून वापरावीत, कारण त्यांच्यावर अनेकदा आजच्या पद्धतीचा काचेसारखा चकाकणारा थर असतो. चंदेरी कण मिसळलेले धातुछटेचे रंग तर या गाडीसाठी पूर्णपणे वर्ज्य समजावेत.

१:२४ ची प्रतिकृती अर्ध्या मीटरवरून पाहणे म्हणजे खरी गाडी बारा मीटरवरून पाहणे होय, आणि तेवढ्या अंतरावरून कोणताही रंग थोडा फिका भासतो. त्यामुळे गडद रंगाच्या दहा थेंबांत फिकट करड्याचा एक थेंब मिसळावा. काळ्या गाडीसाठी हे विशेष आवश्यक आहे. निव्वळ काळ्या रंगात दारांच्या रेषा आणि पत्र्याचे उठाव दिसेनासे होतात. शिवाय मूळ कारखान्यात गाडीच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळ्या जातीचे काळे रंग दिले जात, म्हणून चाकांवरील मडगार्ड आणि मुख्य सांगाडा यांच्या चकाकीत किंचित फरक ठेवला तरी तो चुकीचा ठरत नाही.

उरलेल्या भागांनाही सालाचा हाच नियम लागू होतो. पितळी रेडिएटर १९१६ पर्यंतच्या गाड्यांनाच शोभतो, १९१७ पासून त्याचे आवरण काळे झाले. काळ्या काळातील चाकांचे लाकडी आरेही काळेच ठेवावेत, त्यांना वॉर्निशची लाकडी छटा देऊ नये. सुरुवातीच्या गाड्यांचे टायर मात्र काळे नव्हते. रबरात काजळी मिसळण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी ते पांढुरके किंवा करडे असत, तेव्हा १९११ च्या गाडीला मळकट पांढरे टायरच द्यावेत.