फिनलंडच्या नकाशावरची नावं मराठीत आणताना

नाव शेपटाकडून वाचायला घ्या. फिनिश भाषेत भूगोल शेवटी येतो. यॅर्वी म्हणजे सरोवर, योकी नदी, सारी बेट, निएमी पाण्यात घुसलेली जमीन, कोस्की नदीचा खळाळता उतार. मग ओउलुयॅर्वी सरोवर आणि केमियोकी नदी, हे कोणी न सांगता कळतं. रोमन जे दिसला की बिनदिक्कत 'य' लिहा.

हाच शब्द नावाच्या सुरुवातीला किंवा मधे आला की बहुधा रूप बदलतो. घोड्याचा 'घोडा' ओळखणाऱ्या आपल्याला हे जड जाऊ नये. योकीचं होतं योएन, लाहतीचं (जमिनीत शिरलेलं पाणी) लाहदेन, मॅकीचं (टेकडी) मॅएन. योएनसू म्हणजे नदीचं मुख, आणि ते शहर खरोखरच पिएलिसयोकीच्या मुखाशी आहे. पण त्याला मराठीत 'नदीमुख' म्हणू नका. शहराच्या नावाला हात लावायचा नाही. अर्थ सांगायचाच तर एकदा, कंसात.

पाण्याच्या नावांना मी पूर्ण नाव ठेवून पुढे मराठी शब्द लावते: ओउलुयॅर्वी सरोवर. द्विरुक्ती झाली म्हणून नाकं मुरडणारे भेटतातच. पण 'ओउलू सरोवर' लिहिलं, तर तिथल्या पाटीवर वाचकाला ते नाव सापडणार नाही. केमियॅर्वी तर सरोवरही आहे आणि शहरही. तिथे 'सरोवर' शब्दावाचून घोटाळा अटळ.

खरी गंमत उंचवट्यांत आहे. वारा हा शब्द फिनिश कोशात पाहाल, तर 'धोका' हा अर्थही मिळेल. नावांत मात्र ती पूर्वेकडची, उत्तरेकडची झाडांनी झाकलेली टेकडी असते. तुन्तुरी म्हणजे लॅपलंडमधला, म्हणजे फिनलंडच्या उत्तर टोकाकडचा, डोंगर; त्याचा माथा झाडांच्या हद्दीच्या वर, उघडा. दोघांना 'डोंगर' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मी वाराला रानटेकडी म्हणते, तुन्तुरीला बोडका डोंगर. पल्लास्तुन्तुरीचा फोटो पाहा, पटेल.

सेल्कॅ म्हणजे पाठ. पॅय्यॅन्ने सरोवरातली तेहिनसेल्कॅ म्हणजे मोकळ्या पाण्याचा विस्तार, तर लॅपलंडमधली सारिसेल्कॅ म्हणजे बोडक्या डोंगरांचा प्रदेश. तिच्या नावात 'बेट' असूनही ती पाण्यातली नाही. इथे कोश चालत नाही, नकाशावरचा रंग पाहावा लागतो.

लाहतीला 'खाडी' करू नका. खाडी म्हटलं की भरती-ओहोटी आली. लाहती शहर मात्र समुद्रापासून दूर, वेसियॅर्वी सरोवराच्या दक्षिण टोकाला आहे. 'सरोवराचा आत शिरलेला फाटा' लांबलचक आहे खरं, पण बरोबर आहे.

किनारपट्टीवर स्वीडिश नावंही भेटतील. हेलसिंकीच्या हेलसिंगफोर्समधला फोर्स म्हणजे कोस्कीच. अगदी उत्तरेला सामी (तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतली) नावं, तिथे सरोवर म्हणजे याव्री. शंका आलीच तर फिनलंडच्या भूमापन खात्याचा कार्त्तापाइक्का हा ऑनलाइन नकाशा उघडा, नाव शोधा, आणि ते पाण्यावर छापलंय की जमिनीवर एवढं बघून घ्या.