सिटी मिशन ट्रिपवर इंग्लिश शिकवायला जाताय? मग आधी हे बघा

सिटी मिशन ट्रिप म्हणजे चर्चतर्फे थोड्या दिवसांसाठी परदेशातल्या एखाद्या शहरात जाऊन तिथल्या स्थलांतरितांसाठी काम करणं, आणि त्यात इंग्लिश शिकवणंही येतं. पहिल्या ट्रिपला मी बॅगेत ग्रामरची दोन जाडजूड पुस्तकं घेऊन गेले होते. पहिल्याच संध्याकाळी समोर बसलेल्या बाईंनी पर्समधून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली, मुलाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट होती आणि त्याच वेळी त्यांची शिफ्ट, म्हणजे फोन करून वेळ बदलून घ्यायची होती पण फोनवर काय बोलायचं तेच येत नव्हतं. मग तासभर आम्ही एकच वाक्य घोकलं, "आय नीड टू चेंज माय अपॉइंटमेंट", आणि त्याला जोडून "प्लीज स्पीक स्लोली". मी त्यांच्याकडे पाठ फिरवून बसायचे, त्या खोटा खोटा फोन कानाला लावायच्या, कारण फोनवर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, हातवारे दिसत नाहीत, म्हणून प्रॅक्टिस पण तशीच करायला लागते. तिसऱ्या दिवशी त्यांनी खरा फोन केला, मी नुसती शेजारी उभी होते. पुस्तकं मी परत उघडलीच नाहीत.

म्हणून आधीच सांगते, आठवड्या-दोन आठवड्यांच्या ट्रिपमधे कुणाला इंग्लिश येत नसतं. पण एका माणसाला त्याच्या गरजेची चार-पाच वाक्यं न घाबरता बोलता येऊ शकतात, आणि तेवढ्यासाठी जाणं अगदी वर्थ आहे. सगळी तयारी त्या हिशोबानं करा.

जायच्या आधी कोऑर्डिनेटरला विचारून घ्या की लोक कुठल्या भाषा बोलणारे आहेत, आणि स्वतःच्या भाषेत लिहिता-वाचता येतं का. हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ज्याला कुठलीच लिपी येत नाही त्याच्यासमोर वर्कशीट ठेवलं की तो पहिल्या पाच मिनिटांत मिटून जातो, त्याच्याशी चित्रं आणि खऱ्या वस्तू घेऊन बोलायचं. अरबी किंवा फारसी लिहिणारे उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यांना वही कुठून सुरू करायची इथपासून वेळ द्या. लेव्हल विचारलीत तर ए वन, ए टू असं ऐकायला मिळेल, ती काउन्सिल ऑफ युरोपची 2001 सालची पद्धत, ए वन म्हणजे अगदी सुरुवात आणि सी टू सगळ्यात वर. आणि क्लासमधे लहान मुलं असतील तर बॅकग्राउंड चेक, म्हणजे तुमच्यावर काही गुन्हा नाही ना याची तपासणी, बहुतेक ठिकाणी लागतोच, त्याला वेळ जातो, तिकीट काढाल तेव्हाच त्याचाही अर्ज टाका.

क्लास बऱ्याचदा संध्याकाळी असतात कारण लोक दिवसभर कामावर असतात. शिकागोत जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी 1889 मधे हल हाऊस नावाची समाजसेवी संस्था सुरू केली तिथेपण स्थलांतरितांसाठी संध्याकाळचे इंग्लिशचे वर्ग चालायचे, त्यामुळे दमलेल्या माणसांना शिकवणं हा प्रकार नवीन नाहीये. पहिली दहा मिनिटं हलकं काहीतरी ठेवा. जेम्स अ‍ॅशर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात एक पद्धत मांडली, टोटल फिजिकल रिस्पॉन्स, त्यात शिकणाऱ्यानं सुरुवातीला बोलायचंच नसतं, तुम्ही "ओपन द डोअर" म्हणायचं आणि त्यानं दार उघडायचं. नवख्या लोकांना याचा इतका आधार वाटतो ना! कारण तोंड उघडायच्या आधी कान तयार व्हायला लागतात, आणि गप्प बसलेल्या माणसाला काही कळत नाहीये असं अजिबात समजू नका.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून मोडा, "समजलं का?" विचारायची. सगळे हो म्हणतात, आदरापोटी म्हणतात. त्याऐवजी करून दाखवायला सांगा, घड्याळात सव्वातीन लावा म्हणा. आणि तुम्ही कमी बोला, खरंच कमी, तासात त्यांचा आवाज जास्त ऐकू आला पाहिजे.

उच्चारांचं म्हणाल तर आपल्याला मराठी माणसांना हे लगेच कळतं. स्पॅनिश बोलणारा "एस्कूल" म्हणतो, आपल्याकडे "इस्कूल" म्हणतात, गोष्ट एकच, स आणि क जोडून सुरुवातीला घ्यायला जीभ वळत नाही. अरबीत प हा आवाज नाही म्हणून पार्कचं बार्क होतं. चिनी भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही म्हणून "येस्टरडे आय गो" येतं. चूक दिसली की थांबवू नका, तेच वाक्य बरोबर करून सहज परत म्हणा, "ओह, यू वेंट येस्टरडे?" थांबवायचं फक्त जिथं अर्थच बदलतो तिथं. थर्टीन आणि थर्टी हे त्यातलं सगळ्यात मोठं, बसची वेळ, भाडं, पगार सगळं त्याच्यावर असतं, थर्टीनमधे जोर शेवटी जातो आणि थर्टीत सुरुवातीला, हे टाळी वाजवून शिकवा. तारखा त्या देशाच्या पद्धतीनं शिकवा, 04/05 अमेरिकेत 5 एप्रिल आणि ब्रिटनमधे 4 मे. फोन नंबर सांगताना आपली "डबल फाइव्ह" म्हणायची सवय असते, अमेरिकेत "फाइव्ह फाइव्ह" म्हणतात, ते स्वतः आधी बदला.

आता जरा नाजूक विषय. "माय फॅमिली" हा धडा सगळ्या पुस्तकांत असतो, पण समोर बसलेल्या माणसाचं कुटुंब कुठं आहे, आहे की नाही, तुम्हाला माहीत नसतं. चित्रातल्या कुटुंबावर बोला, त्याला स्वतःहून सांगायचं असेल तर तो सांगेल. देशात कसे आलात, कागद आहेत का, हे कधीच विचारायचं नाही. फोटो परवानगीशिवाय नाही, आणि आश्रय मागणाऱ्याचा फोटो तर टाकूच नका, मायदेशी मागे राहिलेल्या त्याच्या माणसांना त्याचा त्रास होऊ शकतो. कुणी इमिग्रेशनचा फॉर्म पुढे केला तर शब्दाचा अर्थ जरूर सांगा, पण काय भरायचं ते सांगू नका, एक चुकीची टिक केस बिघडवू शकते, त्याला अधिकृत वकिलाकडे पाठवा.

आणि प्रार्थनेबद्दल. मिशनचं काम आहे, श्रद्धेतूनच आपण जातो आणि मला त्याचा संकोच नाही. पण क्लासच्या आधी-नंतर प्रार्थना असेल तर ती वेगळी आहे, तिच्यासाठी थांबायची सक्ती नाही, हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगा, शक्य असेल तर त्यांच्या भाषेत सांगायची सोय करा. इंग्लिशच्या गरजेपोटी कुणी मान खाली घालून बसलंय हे मला बघवत नाही.

शेवटच्या दिवशी "मी फोन करेन" असं पाळता येणार नसेल तर म्हणू नका. त्याऐवजी तिथल्या कायमच्या टीचरसाठी प्रत्येकाची एक चिठ्ठी लिहून ठेवा, तीनच ओळी, काय न अडखळता येतं, कुठं अडतं, आणि पुढच्या महिन्यात कशाची गरज पडणार. त्या बाईंच्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं: फोनवर वेळ बदलून घेता येते. थर्टीन-थर्टीत अजून गोंधळ होतो. मुलाच्या शाळेत पालकांची मीटिंग आहे, टीचरशी बोलायची वाक्यं हवीत.