सांक्रीला निघण्याआधी

डिसेंबर लागला की ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केदारकंठाचे, म्हणजे उत्तराखंडातल्या त्या बर्फाळ शिखराचे, फोटो पडायला सुरुवात होते आणि मग एकेकाचा फोन येतो. "हरिश्चंद्रगड झालाय, अलंग-मदन-कुलंग झालंय, बर्फात जमेल ना?" जमेल की. फक्त एक सांगून ठेवतो: बर्फावर पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त आपटतात ते सह्याद्रीत मुरलेले गडी. नवखा माणूस घाबरत घाबरत पाऊल टाकतो, म्हणून टिकतो. आपण मात्र कातळावर टाकतो तसा बिनधास्त पाय टाकतो आणि बसतो. ही यादी अशा मुरलेल्यांसाठी आहे.

आधी उंचीचा अंदाज घ्या. कळसूबाई साधारण 5,400 फूट. सांक्री, म्हणजे उत्तरकाशी जिल्ह्यातलं जिथून चालायला सुरुवात होते ते गाव, त्याच्याही हजारभर फूट वर. केदारकंठाचा माथा साधारण 12,500 फुटांवर. हजार मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, वाऱ्याचा हिशेब वेगळा. जानेवारीत वरच्या कॅम्पवर रात्री उणे आठ-दहा अंश ही नेहमीची गोष्ट आहे.

व्यायामाचं फार पाल्हाळ लावत नाही. दोन महिने आधीपासून दर रविवारी पाठीवर सात-आठ किलो घेऊन सिंहगड चढा, आणि चढून झाल्यावर खाली यायला जीप पकडू नका. बर्फावर मांड्यांची परीक्षा उतरताना होते. धावत असाल तर पाच किलोमीटर न थांबता, धाप न लागता जमायला हवेत.

आता बूट. सह्याद्रीत आपण ज्या स्वस्त, मऊ रबरी तळाच्या कापडी बुटांवर भरवसा टाकतो ते कातळाला घोरपडीसारखे चिकटतात, पण बर्फात अर्ध्या तासात ओले होतात आणि गोठलेल्या वाटेवर त्यांची पकड शून्य. घोट्याच्या वर येणारे, जाड तळाचे, पाणी न शिरणारे बूट हवेत. विकत घेताना संध्याकाळी जा, जाड लोकरी मोजे घालून बघा आणि आत बोटं मोकळी हलतात का ते पाहा. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि बोटं सगळ्यात आधी तिथेच बधिर होतात. नवे बूट घालून थेट सांक्रीला जाऊ नका, महिनाभर ऑफिसला घालून जा. लोक हसतील, हसू द्या.

बुटांना खाली स्पाइक्स लागतात. रबरी पट्ट्याला साखळ्या आणि साखळ्यांना सेंटिमीटरभर दात, असा तो प्रकार. गिर्यारोहकांचे मोठे क्रॅम्पॉन वेगळे. त्यांना कडक तळाचे बूट आणि शिक्षण दोन्ही लागतं, या वाटेवर सहसा गरज पडत नाही. सांक्रीत स्पाइक्स आणि गेटर भाड्याने मिळतात, पण घेताना दुकानातच बुटावर चढवून बघा. रबराला चीर गेली आहे का, एखादा दात मोडलाय का, साखळी तळाच्या मधोमध बसते की एका बाजूला ओढली जाते. मग हातमोजे घालून तेच पुन्हा करा. हे मी दोनदा सांगतो, कारण पहाटे साडेतीनला, उणे आठमध्ये, डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात ते रबर दगडासारखं ताठ झालेलं असतं आणि उघड्या बोटांनी लोखंडाला हात लावायची हिंमत होत नाही. गेटर म्हणजे पोटऱ्यांवरची पिशवी. गुडघाभर बर्फात पाय रुतला की बुटात बर्फ जाऊ नये म्हणून ती.

कपड्यांत पहिलं काम काढून टाकायचं: सुती बनियन, सुती टीशर्ट आणि जीन्स. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तोच घाम पाठीला गार पाण्याच्या पट्टीसारखा चिकटतो. अंगाला लागून सिंथेटिक किंवा लोकरी थर्मल, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा आणि बर्फ अडवणारं जॅकेट. पिसांचं जाड जॅकेट सॅकमध्ये, फक्त थांबल्यावर घालायचं. सह्याद्रीत घाम निथळत चढायची आपल्याला सवय, इथे ती अंगाशी येते. निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत. दहा मिनिटांनी अंग तापतं. तापलं की थांबून एक थर उतरवायचा, ग्रुप पुढे गेला तरी.

मोज्यांचे तीन जोड घ्या, त्यातला एक फक्त स्लीपिंग बॅगसाठी. तो कितीही मोह झाला तरी दिवसा बाहेर काढायचा नाही. हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक ओला होणार किंवा उडून जाणार. कानटोपी कान पूर्ण झाकणारी. काळा चष्मा यूव्ही अडवणारा आणि बाजूनेही बंद असलेला. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन नाकाच्या आणि हनुवटीच्या खालच्या बाजूलाही लावायचं. चष्मा न घालता हिंडलेल्याला तेव्हा काही कळत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि मग सगळा तंबू जागा राहतो.

खायला घरचंच न्या. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास जात असाल तर गूळपोळीसारखी चीज नाही: टिकते, गोठत नाही आणि हातमोजे न काढता तुकडा मोडता येतो. चॉकलेटचे बार थंडीत असे कडक होतात की दाताची काळजी वाटते. एक-दोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. पाणी आपसूक कमी प्यायलं जातं, कारण तहान लागत नाही, म्हणून ठरवून प्या. नळीची पिशवी नको, नळी गोठते. बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरायला लागतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. रात्री कोमट पाणी भरून ती स्लीपिंग बॅगेत घ्या. तिथेच फोन, पॉवर बँक आणि टॉर्चचे सेलही झोपतील, कारण थंडीत बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत, स्पाइक्स आणि काठ्या चेक-इनमध्ये.

औषधांची पिशवी सगळे भरतात, पण उंचीवर काय होतं ते कमी जण वाचतात. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ किंवा चक्कर आहे, तर ते उंचीचंच समजायचं आणि दुखणं थांबेपर्यंत वर जायचं नाही. वाढलं तर उतरायचं. बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, किंवा एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालता येत नाही, तर रात्र असो, बर्फ पडत असो, त्या माणसाला गाइडच्या सोबतीने ताबडतोब खाली आणायचं. ॲसिटाझोलामाइड ही उंचीच्या त्रासावरची गोळी मित्राने दिली म्हणून घेऊ नका. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. झोपेच्या गोळ्या आणि 'थंडीवर उतारा' म्हणून आणलेली बाटली, दोन्ही घरी. दारूने अंग तापल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेर जाते.

शरीर गार पडतंय हे ज्याचं त्याला कळत नाही, म्हणून जोड्या लावून एकमेकांवर लक्ष ठेवा. जॅकेटची चेन लावता येत नाही, जीभ जड झाली, सपाटीवर अडखळतोय, उगाच चिडतोय, ही सुरुवात. ओले कपडे काढा, खाली मॅट घाला, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीत असेल तर गोड गरम प्यायला द्या. कुडकुडणं बंद झालं आणि माणूस शांत झाला तर ते सुधारल्याचं लक्षण समजू नका, तो जास्त गंभीर झालाय. पांढरी पडलेली बधिर बोटं चोळायची नाहीत, शेकोटीवर धरायची नाहीत. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. आणि हे फक्त हिवाळ्याचं खूळ नव्हे. 2024 च्या जूनमध्ये, याच उत्तरकाशी भागात, सहस्रतालच्या वाटेवर खराब हवेत अडकलेल्या बावीस जणांच्या तुकडीतले नऊ जण गेले. जूनमध्ये.

आता वाटेबद्दल. भुसभुशीत ताजा बर्फ त्रास देतो, पण धोका असतो तो दाबलेल्या बर्फाचा. दिवसभर माणसं आणि खच्चरं जातात, दुपारी वरचा थर वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि सकाळी देवदारांच्या सावलीत वाटेवर काच ओतल्यासारखी दिसते. कधी ती दिसतही नाही. वरून पांढरी भुकटी, खाली काच. ओढ्याजवळ, लाकडी साकवावर आणि वळणाच्या सावलीत आधी काठी टोचून बघा. खण्ण आवाज आला की स्पाइक्स चढवा. पुढे घसरल्यावर चढवू, असं म्हणू नका. पावलं छोटी, पाऊल पूर्ण सपाट, म्हणजे सगळे दात एकदम रुततील. उतरताना भीतीने अंग मागे, डोंगराकडे झुकतं आणि तिथेच पाय निसटतो. गुडघे किंचित वाकवून वजन पायांवर ठेवा. दातांत बर्फाचा गोळा अडकला की काठीने बुटावर ठोका. खच्चर आलं तर नेहमी डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या अंगाला नाही. त्याच्या पाठीवरचा सिलिंडर तुम्हाला विचारून वळत नाही.

सगळ्यात जास्त पाय मोडतात ते मजा करताना. माथ्यावरून उतरताना सगळे बसून घसरतात, व्हिडिओसाठी. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा स्पाइक्स न काढताच घसरला. दात बर्फात अडकले, बूट जागच्या जागी राहिला आणि बाकीचा मुलगा पुढे गेला. घोटा सुटला. सांक्रीपर्यंत त्याला कसं आणलं ते त्या गाइड भैजींनाच ठाऊक. घसरायचंच असेल तर गाइडने दाखवलेल्या उतारावर, खाली काय आहे ते बघून आणि स्पाइक्स काढून. वाटेत जुडा का तालाब हे तळं लागतं, त्यावर चालू नका, गोठलेलं दिसलं तरी. माणसाचं वजन पेलायला किमान चार इंच घट्ट बर्फ लागतो आणि तुम्ही काही पट्टी घेऊन गेलेला नसता. माथ्यावरही फोटोसाठी कडेला जायचं नाही. वाऱ्याने बर्फाची पडवी पुढे काढलेली असते, तिच्याखाली डोंगर नसतो.

माथ्याला पहाटे निघतात ते नुसत्या सूर्योदयासाठी नाही. तेव्हा बर्फ कडक असतो, दात पकडतात. ऊन चढलं की तो मऊ होतो आणि पाय रुततात. म्हणून परतीची वेळ आदल्या रात्री ठरवा आणि ती गाइडच्या हातात द्या, ग्रुपमधल्या सगळ्यात उत्साही माणसाच्या नाही.

राहिलं प्रवासाचं. डेहराडून ते सांक्री आठ-दहा तासांचा घाट आहे, वाटेतल्या मोरी गावाच्या पुढचा रस्ता हिवाळ्यात निसरडा, तेव्हा गाडी पहाटे काढा आणि अंधारात चालवायला ड्रायव्हरला लावू नका. नैटवाडला वनखात्याच्या नाक्यावर ओळखपत्राची प्रत मागतात. परतीचं विमान त्याच संध्याकाळचं काढू नका, मध्ये एक मोकळा दिवस ठेवा. बर्फ पडला की रस्ता बंद होतो आणि मग लोक घाई करतात.

शेवटचं काम घरी करायचं. एका कागदावर कॅम्पची नावं, तारखा, गाइडचा आणि हॉटेलवाल्याचा नंबर, आणि आणीबाणीचा 112. सांक्रीच्या पुढे फोन लागेलच असं नाही, म्हणून आईला 'रोज फोन करतो' असं सांगून जाऊ नका. "सोळा तारखेच्या रात्री नऊपर्यंत फोन आला नाही, तर या नंबरवर विचार, त्याआधी नाही," असं लिहून फ्रिजवर चिकटवा. आमच्याकडे तो कागद ट्रेक झाल्यावरही सहा महिने तसाच होता.